आयटीआय, अप्रेंटिसशिप, नोकरी, पुन्हा कॉलेज: सगळीकडे चालेल असा ई-पोर्टफोलिओ कसा बांधायचा?

वर्कबेंच (धागाकर्ता)

बडोद्यात आयटीआय संपली की मुलं मकरपुरा, पोर-रमणगामडी, सावली, हालोल अशा औद्योगिक भागांत अप्रेंटिसशिपला पांगतात. काही तिथेच नोकरीला लागतात, काही सी टू डी (सर्टिफिकेट टू डिप्लोमा) मधून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला बसतात, चिकाटीचे पुढे डी टू डी (डिप्लोमा टू डिग्री) करून डिग्रीपर्यंत जातात. या वाटेवर मार्कशीट आणि सर्टिफिकेट सोबत राहतं. हाताने काय काय केलं त्याचा पुरावा मात्र दर टप्प्याला मागे राहतो. जॉब डायरी (जॉब म्हणजे वर्कशॉपमध्ये बनवायला दिलेला तुकडा, त्याच्या नोंदींची वही) संस्थेत जमा होते, अप्रेंटिसची नोंदवही कंपनीच्या कपाटात जाते आणि फोटो जुन्या मोबाइलबरोबर संपतात. पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या कामाच्या पुराव्यांचा संग्रह, कसा ठेवला म्हणजे जागा बदलली तरी तो तुटत नाही, यावर जाणकारांनी इथे नेमकं लिहावं. सुरुवात मी करतो.

साठवण आणि मांडणी या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा. साठवण म्हणजे खाजगी फोल्डर. त्यात सगळं टाका, बिघडलेला जॉबसुद्धा. मांडणी म्हणजे त्यातून निवडलेले सहा ते आठ पुरावे, समोर कोण आहे ते पाहून लावलेले. मांडणी दर वेळी नवी होते, साठवण तीच राहते. बहुतेक मुलं थेट मांडणीच करायला घेतात, म्हणून पुढच्या टप्प्यावर त्यांच्याकडे निवडायलाच काही उरत नाही.

एक पुरावा म्हणजे एक फोटो नव्हे. फिटरचा डव्हटेल फिट (तिरक्या बाजूंनी एकमेकांत अडकणारे दोन तुकडे) घ्या. चकचकीत जॉबच्या एकट्या फोटोवरून काहीच कळत नाही. त्याच्यासोबत हे लागतं: टॉलरन्ससह, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकासह, ड्रॉइंग (समजा ±०.०४ मिमी), मार्किंगच्या रेघा आणि पंचचे ठिपके दिसतील असा अर्धवट जॉबचा फोटो, शेजारी स्टील रूल ठेवून काढलेला पूर्ण जॉबचा फोटो, आणि मापांचं छोटं कोष्टक. कोष्टकात चार रकाने पुरतात: ड्रॉइंगचं माप, प्रत्यक्ष माप, फरक, माप कशाने घेतलं.

हा चौथा रकाना कोणी गाळू नये. व्हर्नियरचा लीस्ट काउंट (त्यावर वाचता येणारं सर्वांत लहान माप) ०.०२ मिमी असेल आणि मुलाने ३९.९७ लिहिलं असेल, तर त्या व्हर्नियरवर तसं वाचन येऊच शकत नाही. जाणकाराला एका नजरेत कळतं की आकडा बसल्या जागी भरला आहे, आणि मग बाकीच्या पानावरही त्याचा विश्वास राहत नाही. तीच गोष्ट तिरक्या बाजूची. डव्हटेल दोन रोलर ठेवून वरून मोजतात. रोलर लावलेला फोटो आणि रोलरचा व्यास पानावर असला की मोजणं खरंच येतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

शेवटी दोन ओळी: यातलं माझं काम कोणतं, आणि कोणी तपासलं. तपासणाऱ्याचा हुद्दा आणि तारीख हवी.


मकरपुराकर

चांगला विषय. कारखान्याच्या बाजूने लिहितो. अप्रेंटिस घेणाऱ्या फॅब्रिकेशन आणि मशीनिंगच्या युनिटमध्ये काय पाहिलं जातं ते.

सुपरवायझरला तीन गोष्टी हव्या असतात: ड्रॉइंग वाचता येतं का, माप घेता येतं का, आणि बिघडलं तर मुलगा लपवतो की सांगतो. तिसऱ्याचं उत्तर मार्कशीटमध्ये कुठेच नसतं. म्हणून आठ पुराव्यांत एक तरी रिजेक्ट झालेला जॉब असू द्या, कारणासकट. ‘एम ८ च्या टॅपसाठी (भोकात आटे पाडण्याचं हत्यार) ६.८ मिमी ऐवजी ६.५ चं ड्रिल मारलं, टॅप घट्ट गेला आणि तुटला. आता आधी टॅप ड्रिलचा तक्ता बघतो’ अशी एक ओळ दहा चांगल्या फोटोंपेक्षा जास्त सांगते.

आता अडचणीचं. बऱ्याच कारखान्यांत मोबाइल गेटवरच जमा होतो, आणि ते योग्यच आहे. ग्राहकाचं ड्रॉइंग, टायटल ब्लॉक (ड्रॉइंगवरची नाव-क्रमांकाची चौकट), पार्ट नंबर, नेमप्लेट, मागे उभं असलेलं दुसऱ्याचं उपकरण, यातलं काहीही बाहेर गेलं तर ऑर्डर जाऊ शकते. मुलाचा हेतू चांगला असला तरी कारवाई त्याच्यावरच होते. मग पुरावा आणायचा कुठून? चार वाटा आहेत.

टेस्ट पीस किंवा सरावाचा जॉब असेल तर त्याचा फोटो काढायला सुपरवायझर सहसा हरकत घेत नाही, पण परवानगी लेखी घ्या. ईमेलच्या तीन ओळी पुरतात: कशाचा फोटो, कशासाठी, कुठे दाखवणार.

दुसरी वाट, ड्रॉइंग स्वतःच्या हाताने नव्याने काढणं. आकार ढोबळ, मापं बदललेली, ग्राहकाचं नाव नाही. ऑपरेशनचा क्रम आणि तो तसा का, हे लिहिलं की फोटोची गरज उरत नाही.

तिसरी, आकड्यांचा सारांश. ‘शाफ्ट टर्निंग, २० मिमी एच ७ बोअरमध्ये बसणारा, गो-नो-गो गेजने तपासणी.’ त्यात कंपनीचं गुपित काही नाही. गेज (माप मर्यादेत आहे की नाही एवढंच सांगणारं साधन) वापरलेला मुलगा पुढे २० मिमी एच ७ म्हणजे बोअरला शून्य ते अधिक ०.०२१ मिमी इतकी सूट हेही सांगू शकतो.

चौथी वाट सर्वांत भक्कम: सुपरवायझरची पडताळणी. नुसतं ‘चांगला मुलगा आहे, मेहनती आहे’ हे कामाचं नाही. ‘जुलै ते सप्टेंबर या काळात रेडियल ड्रिलवर स्वतंत्र काम केलं, ड्रिल स्वतः ग्राइंड करतो, देखरेख लागत नाही’ असं हवं. आणि ही ओळ शेवटच्या दिवशी मागू नका. विभाग बदलला की त्याच आठवड्यात घ्या, तोवर सुपरवायझरला काम आठवत असतं.


दांडियाबाजार_वायरमन

दोन्ही प्रतिसाद फिटर-मशिनिस्टचे झाले. इलेक्ट्रिशियनने काय दाखवायचं? पॅनलचे फोटो सगळे सारखेच दिसतात. स्वतः वायरिंग केलं की दुसऱ्याच्या पॅनलसमोर उभं राहून फोटो काढला, हे कसं कळणार?


वर्कबेंच

पूर्ण पॅनलच्या फोटोवरून कळणार नाहीच. म्हणून पुरावा कामाच्या क्रमात ठेवायचा. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टार जोडणीत कमी करंटवर सुरू करून मग डेल्टा जोडणीत नेणारा) घ्या:

१. मोटरच्या नेमप्लेटचा फोटो, आणि खाली एक वाक्य की ही मोटर स्टार-डेल्टाला चालेल का. डेल्टाचं व्होल्टेज ४१५ असेल तर आपल्या ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालेल. नेमप्लेटवर डेल्टा २४० आणि स्टार ४१५ लिहिलं असेल तर ती मोटर स्टारमध्येच चालवायची. डेल्टात टाकली तर वाइंडिंग जळेल. हे एक वाक्य स्वतःचं लिहिलेलं असलं की निम्मी परीक्षा तिथेच होते.

२. कंट्रोल सर्किट आणि पॉवर सर्किट, दोन्ही हाताने काढलेली. स्टार आणि डेल्टा कॉन्टॅक्टरमधलं इंटरलॉक (दोन्ही एकाच वेळी लागू न देणारी जोडणी) वेगळ्या रंगात.

३. अर्धं वायरिंग झालेल्या पॅनलचा फोटो, फेरूल नंबर (तारेच्या टोकावरच्या नळीवरचा क्रमांक) वाचता येतील इतक्या जवळून. फेरूल नंबर आणि आकृतीतले नंबर जुळले पाहिजेत. काम कोणाचं हा तुमचा प्रश्न इथेच सुटतो.

४. पुरवठा देण्यापूर्वीचं ५०० व्होल्ट मेगरचं (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरचं) वाचन: फेज ते अर्थ, फेज ते फेज. फेज ते फेज घेताना मोटरच्या सहाही तारा सुट्या हव्यात, नाहीतर वाइंडिंगमधूनच वाट मिळते आणि वाचन शून्य येतं. मुलं इथे हमखास फसतात.

५. साठ सेकंदांचा व्हिडिओ: स्टार्ट, स्टार, टायमर, डेल्टा, स्टॉप. तोंडाने सांगत काढलेला.

६. एक दोष. ‘टायमरची वेळ संपली तरी डेल्टा लागत नव्हता. तपासलं: टायमरचा संपर्क, स्टार कॉन्टॅक्टरचा एनसी (एरवी बंद असणारा संपर्क), डेल्टाची कॉइल. सापडलं: एनसीची तार सैल.’ लक्षण, तपासणीचा क्रम, कारण. इतकंच.

चालू पॅनलमध्ये उघड्या हाताने काम करतानाचा फोटो कधीच लावू नका, कितीही चांगला आला असला तरी. सेफ्टीवाल्याने तो पाहिला की पोर्टफोलिओ तिथेच बंद होतो.


वेल्डबीड

वेल्डरसाठी थोडं वेगळं गणित आहे, कारण तिथे तारखेला कायमची किंमत आहे.

टेस्ट कूपनचं (परीक्षेसाठी वेल्ड केलेल्या तुकड्याचं) पान करा: प्लेट की पाइप, जाडी, प्रोसेस (एसएमएडब्ल्यू म्हणजे काडीचं वेल्डिंग, जीटीएडब्ल्यू म्हणजे टिग), पोझिशन (३ जी म्हणजे उभी प्लेट, ६ जी म्हणजे तिरका स्थिर पाइप), इलेक्ट्रोड, करंट. रूट पासचा (सांध्याच्या तळाच्या पहिल्या थराचा) फोटो, कॅपचा (वरच्या शेवटच्या थराचा) फोटो, बेंड टेस्टनंतरच्या तुकड्याचा फोटो. डाय पेनिट्रंट (रंगीत द्रवाने पृष्ठभागावरच्या भेगा शोधणारी तपासणी) केलं असेल तर डेव्हलपर लावल्यानंतरचा. फक्त कॅपचा सुंदर मणी दाखवणाऱ्या पानावर कोणी अनुभवी माणूस थांबत नाही; तो रूट शोधतो.

आणि सलगतेची नोंद. बडोद्यात केमिकल प्लांटची भांडी, हीट एक्स्चेंजर बनवणारी फॅब्रिकेशन शॉप भरपूर, आणि त्यांचं बरंच काम एएसएमई सेक्शन ९ (वेल्डिंगच्या पात्रतेची अमेरिकन नियमावली) प्रमाणे चालतं. त्यात वेल्डरने सहा महिने एखाद्या प्रोसेसने वेल्डिंग केलं नाही तर त्या प्रोसेसची पात्रता संपते. मुलगा सी टू डी ला गेला, वर्षभर टॉर्च हातात धरली नाही, आणि पोर्टफोलिओवर ‘६ जी क्वालिफाइड’ तसंच राहिलं, तर ते विधान आता खरं नाही. तिथे ‘अमुक महिन्यात ६ जी कूपन पास, शेवटचं वेल्डिंग अमुक तारखेला’ असं लिहायचं. पुन्हा टेस्ट द्यावी लागेल हे घेणाऱ्याला माहीत असतंच. स्पष्ट तारीख दिसली की त्याला सोपं जातं.

कॉलेजात असताना सुट्टीत जुन्या शॉपमध्ये काम केलं तर त्याची तारीख आणि प्रोसेस मांडून ठेवा, शॉपच्या सहीसकट.


सुरसागरकाठ

प्लॅटफॉर्मवर लिहितो. पॉलिटेक्निकमध्ये मूडल (ऑनलाइन वर्गाचं सॉफ्टवेअर) आणि माहारा चालवण्याचं काम असल्यामुळे कुठे काय तुटतं ते रोज दिसतं.

माहारा हे न्यूझीलंडमध्ये २००६ साली सुरू झालेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे, खास ई-पोर्टफोलिओसाठीच. संस्थेकडे सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस असेल तर यासारखं दुसरं नाही. क्रम असा: आधी फाइली वर चढवायच्या, मग त्यांतून पान बनवायचं, पानांचा संग्रह करायचा, आणि संग्रह कोणाला दिसेल ते ठरवायचं. बाहेरच्या माणसासाठी गुप्त दुवा तयार करता येतो, त्याला शेवटची तारीखही देता येते. मूल्यमापनाला पान सादर केलं की ते कुलूपबंद होतं आणि शिक्षकाने सोडेपर्यंत विद्यार्थी बदल करू शकत नाही. शिक्षक सोडायला विसरतात आणि मुलं ऐन मुलाखतीच्या आधी अडकतात. सत्र संपताना सादर झालेली सगळी पानं सोडायची, हे काम कॅलेंडरमध्ये घालून ठेवा.

संस्था सुटली की खातं बंद होणार हे धरूनच चाला. निघण्यापूर्वी निर्यात करा. माहारा दोन प्रकारे देतं. एचटीएमएलची प्रत कुठल्याही ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय उघडते. लीप-२-ए या फाइल प्रकारातली प्रत दुसऱ्या माहारात आत घेण्यासाठी. दोन्ही घ्या. दुसऱ्या संस्थेत आत घेण्याची मुभा तिथल्या व्यवस्थापकाने दिलेली असावी लागते, त्यामुळे एचटीएमएलच खरी हाताशी राहते. झिप उघडून बघा, व्हिडिओ आत आहेत का ते तपासा. पानात यूट्यूबचा व्हिडिओ जोडलेला असेल तर निर्यातीत फक्त दुवा येतो, व्हिडिओ येत नाही.

ज्यांच्या संस्थेत माहारा नाही, म्हणजे बहुतेक जण, त्यांनी गुगल साइट्स वापरावं. यातले ठरलेले अपघात सांगतो.

साइट संस्थेच्या खात्यावर बांधली: ती संस्थेच्या मालकीची झाली. खातं गेलं, साइट गेली. पहिल्या दिवसापासून स्वतःच्या जीमेलवर बांधा आणि संस्थेच्या खात्याला संपादक म्हणून जोडा. उलटं कधीच करू नका.

साइट प्रकाशित केली पण आतली फाइल दिसत नाही: ड्राइव्हवरच्या प्रत्येक फाइलची परवानगी वेगळी असते. साइट सर्वांना खुली असली तरी पीडीएफ खुली होत नाही. मांडणीसाठी वेगळं फोल्डर करा, फक्त त्याला ‘दुवा असलेला कोणीही पाहू शकेल’ अशी परवानगी द्या आणि तिथे प्रती ठेवा. साठवणीचं फोल्डर कधीही खुलं करू नका.

यूट्यूबचा व्हिडिओ ‘प्रायव्हेट’ ठेवला: मग तो फक्त आमंत्रित खात्यांना दिसतो. ‘अनलिस्टेड’ हवा.

दुवा पाठवण्यापूर्वी ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडून बघा, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी साध्या मोबाइलवरही. मालकाला सगळं दिसतं, म्हणून मालकाने स्वतःच्या खात्यातून तपासणं निरुपयोगी आहे.

वैयक्तिक गुगल खातं दोन वर्षं वापरात नसेल तर गुगल ते मिटवू शकतं. नोकरीत रमलेला मुलगा तीन वर्षांनी डिप्लोमासाठी परततो तेव्हा हे लागू होतं. साठवणीची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा घरच्या कम्प्युटरवर असावी. फुकट जागा १५ जीबीच मिळते आणि त्यात जीमेल व फोटोही मोजले जातात. १०८० चा व्हिडिओ मिनिटाला सहज शंभर एमबीच्या वर जातो. ७२० वर काढला तर जॉब दाखवायला पुरेसा असतो.


अभ्यासिका

वर्कबेंच सर, एक महत्त्वाचा मुद्दा राहिला. आयटीआयला दहावीनंतर येणारी पुष्कळ मुलं अठराच्या आतली असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. तेव्हा संस्थेने पोर्टफोलिओ सक्तीचा केला तरी सार्वजनिक दुवा सक्तीचा करू नये. अठरा पूर्ण होईपर्यंत पान शिक्षकापुरतं, आणि मुलाखतीला लागलंच तर पीडीएफ. संमतीपत्र पालकांना वाचता येईल अशा भाषेत हवं; आपल्याकडे म्हणजे गुजराती, आणि गरज असेल तिथे मराठी किंवा हिंदी.

पानावर काय नको: आधार (पूर्णही नको, मास्क केलेलाही नको), अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा शैक्षणिक ओळख क्रमांक), घरचा पत्ता, जन्मतारीख, मार्कशीटवरचा सीट नंबर, इतर मुलांचे चेहरे. मुलींनी मोबाइल नंबरही घालू नये असं माझं ठाम मत आहे. फक्त नोकरीसाठी उघडलेला वेगळा ईमेल द्यावा.

फोटोंत जागेची माहिती दडलेली असते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश फाइलमध्ये जातात. व्हॉट्सअॅपने साधा फोटो पाठवला की ही माहिती निघून जाते, पण फोटोही दाबला जातो आणि कोष्टकातले आकडे धूसर होतात. मूळ फाइल साठवणीत तशीच ठेवा, कारण काढल्याची तारीख तिच्यातच असते. मांडणीसाठी तिची प्रत काढून त्यातून लोकेशन काढून टाका. ग्रुपवर मूळ फाइल पाठवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे ती दाबली जात नाही; पण तेव्हा लोकेशनही तसंच जातं हे लक्षात ठेवा.


मकरपुराकर

अभ्यासिका ताई, पूर्ण सहमत.

दुव्याबद्दल थोडं. शॉप फ्लोअरवरचा माणूस साइट उघडून दहा पानं फिरत नाही. त्याला व्हॉट्सअॅपवर एक पीडीएफ हवी असते. म्हणून साइट असली तरी सोबत चार पानांची पीडीएफ बनवाच. पहिल्या पानावर ट्रेड, काय स्वतंत्रपणे येतं, काय देखरेखीखाली येतं, कधीपासून मोकळा आहे. पुढच्या तीन पानांवर एकेक पुरावा. आकार ५ एमबीच्या आत. गुजराती किंवा देवनागरी मजकूर असेल तर फॉन्ट पीडीएफमध्ये जडवलेला आहे ना ते बघा, नाहीतर दुसऱ्याच्या फोनवर काना-मात्रा सुटे पडतात.

क्यूआर कोड छापत असाल तर स्थिर कोड बनवा, ज्यात पत्ता थेट लिहिलेला असतो. काही फुकट संकेतस्थळं मधे स्वतःचा पत्ता घालतात आणि चाचणीची मुदत संपली की कोड बंद पडतो. बायोडाटाच्या शंभर प्रती छापल्यावर हे कळून उपयोग नाही. छापताना निदान २ × २ सेंमी.

फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत, मधे मोकळी जागा न सोडता, सुरुवातीला वर्ष-महिना-दिवस. आपोआप तारखेने लागतात, आणि देवनागरी नावावर अडखळणाऱ्या पोर्टलवरही चढतात.


रेघोटी

फाइन आर्ट्सवाल्यांचं या धाग्यात काही दिसलं नाही म्हणून थोडंसं. बडोद्याच्या ललित कला शाखेतून (१९५० पासूनची) बाहेर पडणाऱ्यांना पोर्टफोलिओ नवा नाही, पण तोच पोर्टफोलिओ स्टुडिओ, गॅलरी आणि डिझाइन कंपनी तिघांना पाठवणं चुकतं. कंपनीला कच्चे आराखडे आणि निर्णय बघायचे असतात, गॅलरीला पूर्ण काम. प्रत्येक चित्राखाली माध्यम, आकार सेंमीमध्ये, वर्ष. माप नसेल तर पडद्यावर म्युरल आणि पोस्टकार्ड सारखंच दिसतं. रंग एसआरजीबीमध्ये (पडद्यांसाठीची सर्वसाधारण रंगपद्धत) ठेवा, नाहीतर मोबाइलवर फिके पडतात. फोटो उत्तरेकडच्या खिडकीच्या उजेडात, फ्लॅश नको, कॅमेरा चित्राला समांतर.


दांडियाबाजार_वायरमन

अनुभवावर मजकूर लिहायचा असतो त्याचं काय करायचं? मुलं एआयकडून लिहून आणतात, सगळ्यांचे परिच्छेद एकसारखे. आणि इंग्रजीतच हवं असा आग्रह असतो.


वर्कबेंच

‘तुमच्या शिक्षणप्रवासाबद्दल लिहा’ असं विचारलं तर तसंच उत्तर येणार. प्रश्न जॉबला बांधलेला हवा. तीन पुरतात: काय झालं? त्याचा अर्थ काय? पुढच्या वेळी काय वेगळं करशील? प्रत्येकाला दोन वाक्यं, आणि प्रत्येक उत्तरात निदान एक माप, एक हत्यार किंवा एक दोष नावानिशी. ‘मला टीमवर्कचं महत्त्व कळलं’ हे उत्तर परत पाठवायचं.

खात्री मात्र तोंडीच होते. पान पडद्यावर लावायचं, फोटोतल्या एका जागी बोट ठेवायचं आणि विचारायचं: इथे ही रेघ का आहे? हे कशाने मोजलंस? वीस जणांच्या तुकडीला प्रत्येकी पाच मिनिटं म्हणजे शंभर मिनिटं, पंधरवड्यातून एकदा. शिक्षकाचं लेखी तपासणीचं काम त्यापेक्षा जास्त वाचतं. कोणी लिहिलं हा वादही मग उरत नाही. ज्याला उत्तर देता येतं त्याचंच ते काम.

भाषेबद्दल माझं मत पक्कं आहे. विचार ज्या भाषेत होतो त्यात लिहू द्या, गुजराती असो की मराठी. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन सुरू केलं तेव्हा प्रा. गज्जरांचा आग्रह तांत्रिक शिक्षण मातृभाषेतून देण्याचाच होता. ज्या गावात हे झालं तिथे फिटरच्या मुलाला तुटक्या इंग्रजीत चिंतन लिहायला लावू नये. साठवणीत आपल्या भाषेत लिहा, हवं तर दीड मिनिटाचं बोलणं रेकॉर्ड करा. मांडणीत फोटोखालची ओळ आणि कोष्टकाचे मथळे इंग्रजीत चालतील, कारण ड्रॉइंग इंग्रजीतच असतं.


सुरसागरकाठ

उलटी वाटही लिहून ठेवतो: कामातून शिक्षणाकडे.

आधी एक गैरसमज. सी टू डी आणि डी टू डी चे प्रवेश गुणवत्ता यादीवर होतात. पोर्टफोलिओला तिथे गुण नाहीत, कोणी तसं सांगून पॅकेज विकत असेल तर घेऊ नका. उपयोग प्रवेशानंतर होतो. वर्कशॉपच्या विषयात शिक्षकाला दिसतं की या मुलाला लेथ शिकवायची गरज नाही, त्याला गणित आणि यंत्रशास्त्रात मदत हवी आहे. प्रकल्पाचा विषयही जुन्या कामातून निघतो. म्हणून परतणाऱ्याच्या मांडणीत ‘काय येतं’ याच्याबरोबर ‘काय करत होतो पण कारण माहीत नव्हतं’ असं एक पान ठेवा. उदाहरणार्थ, कास्ट आयर्नला कूलंट न लावता ड्रिल करायचो, का ते माहीत नव्हतं. अशा पाच-सहा प्रश्नांवर शिक्षक पूर्ण सत्र बांधू शकतो.

ज्यांच्याकडे प्रमाणपत्रच नाही पण वर्षानुवर्षांचं काम आहे त्यांच्यासाठी आरपीएल, म्हणजे पूर्वीच्या शिकण्याला मान्यता. तिथे मूल्यमापन होतंच. पोर्टफोलिओ त्याची जागा घेत नाही, पण मूल्यमापकाला कुठून सुरू करायचं ते कळतं. पुरावा चार कसोट्यांवर पाहिला जातो: मागितलेल्या कौशल्याचाच आहे का, याच माणसाचा आहे का, अलीकडचा आहे का, पुरेसा आहे का. वेल्डिंगचा सात वर्षांपूर्वीचा एकच फोटो तिसऱ्या आणि चौथ्या कसोटीवर पडतो.

तासांची नोंद ठेवा. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात (२०२३) ३० तासांना १ क्रेडिट आणि वर्षाच्या १२०० तासांना ४० असं गणित आहे. क्रेडिट पोर्टफोलिओतून आपोआप मिळत नाही, मान्यताप्राप्त संस्थेने मूल्यमापन करून द्यावं लागतं. पण कोणत्या विभागात किती तास, हे नंतर आठवून लिहिता येत नाही. दर शनिवारी एक ओळ: विभाग, मशीन, तास, स्वतंत्र की देखरेखीखाली.

प्रमाणपत्रं साइटवर चढवू नका. ती डिजिलॉकरमधून द्या. तिथे ‘इश्यूड’ भागातली कागदपत्रं मूळ प्रतीच्या बरोबरीची मानली जातात. स्वतः ‘अपलोड’ केलेल्या स्कॅनला तो दर्जा नाही. हा फरक पुष्कळांना माहीत नसतो आणि पडताळणीच्या दिवशी धावपळ होते. नावाचं स्पेलिंग आधार, दहावी आणि आयटीआय तिन्हीकडे एकच आहे का ते आत्ताच बघा. आपल्या मराठी आडनावांत हे हमखास होतं: गुजराती शाळेत एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, वडिलांचं नाव कुठे मधे तर कुठे शेवटी. जुळलं नाही तर कागद डिजिलॉकरमध्ये उतरतच नाही.


दांडियाबाजार_वायरमन

शेवटचा प्रश्न. ज्या युनिटमध्ये काम केलं ते बंद पडलं किंवा सुपरवायझर सोडून गेला, तर पडताळणी कोणाकडून घ्यायची?


मकरपुराकर

पडताळणीचे दोन भाग करा. तिथे होतात का, आणि तिथे काय केलं.

पहिल्या भागाला माणूस लागत नाही. अप्रेंटिस असाल तर अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलेल्या कराराची पीडीएफ आजच उतरवून ठेवा, सोबत स्टायपेंड जमा झाल्याचं बँकेचं पान (खाते क्रमांक आणि शिल्लक झाकून). नोकरीत असाल तर यूएएनवरून (पीएफ खात्याच्या कायम क्रमांकावरून) ईपीएफओची, म्हणजे पीएफ कार्यालयाची, सेवा नोंद मिळते, त्यात आस्थापनेचं नाव आणि तारखा असतात. युनिट बंद पडलं तरी ही नोंद राहते.

दुसऱ्या भागाला माणूसच लागतो. सुपरवायझर मकरपुरा सोडून सावलीला गेला असेल तरी तो त्या काळात तुमचा सुपरवायझर होता, त्याची ओळ चालते. फक्त ‘तेव्हाचा हुद्दा’ आणि ‘आताचा हुद्दा’ दोन्ही लिहा. त्याचा नंबर त्याला विचारल्याशिवाय पानावर देऊ नका, ‘मागितल्यास संपर्क देईन’ एवढं पुरतं. तोही सापडत नसेल तर त्याच लाइनवरच्या सीनियर ऑपरेटरची सही घ्या आणि तो ऑपरेटर होता असंच लिहा. कोणीच नसेल तर रकाना रिकामा ठेवा आणि त्या कामाचं प्रात्यक्षिक द्यायला तयार आहे असं लिहा. शॉपमध्ये टेस्ट पीस आणि अर्धा तास सहज मिळतो.